टीव्हीचे डोळे गेले की आमचे? ३२ इंची जुना टीव्ही, छतावर डिश अन् पोराचा पीएस५

रावेरचा_केळीवाला

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाव रावेर तालुक्यात. हॉलमध्ये ३२ इंची एलईडी टीव्ही आहे, २०१३ च्या दिवाळीत घेतलेला, तेव्हा गल्लीत पहिला चपटा टीव्ही आमचाच होता. त्याला आईसाठी रिचार्जवाली एचडी डिश. ओसरीत आबांचा जुना डबा टीव्ही, त्याला फुकटवाली फ्री डिश, आबांना बातम्या, जुनी गाणी अन् सह्याद्री मिळालं की झालं. छतावर या दोन छत्र्या अन् अजून एक जुना काट्याकाट्यांचा अँटेना पण उभा आहे, तो काढायला कोणी वर चढत नाही म्हणून उभा आहे.

आता झालं असं की पोरगा जळगावला इंजिनीअरिंगला आहे, त्याच्या आतेभावाने पुण्याहून त्याचा वापरलेला पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला लावून गेम खेळायचा डबा) याला दिला. दिवाळीच्या सुट्टीत आणून हॉलच्या टीव्हीला लावला. तर क्रिकेटच्या गेममध्ये बटण दाबलं की बॅट नंतर फिरते, बॉल तोवर कीपरकडे. पोरगा म्हणे टीव्ही स्लो आहे. अन् इकडे आईचं वेगळंच, ती दिवाळीपासून म्हणतेय की टीव्हीचे डोळे गेले, सगळ्या सुना एकसारख्या दिसतात, सासू कोणती ते आवाजावरून ओळखावं लागतं. मी पण बसून पाहिलं, खरंच सगळं पुसट पुसट, अक्षरं फाटल्यासारखी.

जळगावला एका दुकानात गेलो तर तो म्हणे काका आता सगळं डिजिटल झालं, जुना टीव्ही या सिग्नलला चालणारच नाही, ६५ इंची ४के घ्या, १२० हर्ट्झचा, चॅनेल पण ४के दिसतील, गेम पण लोण्यासारखा चालेल. पोरगा लगेच हो म्हणाला. बजेट ६० हजारांच्या आसपास, ते पण केळीचे पैसे हातात आल्यावर. हॉल १० बाय १४ चा.

तर विचारायचं असं की (एक) खरंच टीव्ही बदलायला लागतो का (दोन) डिश, बॉक्स, वायर पण बदलायची का (तीन) आबांची फुकट डिश नव्या टीव्हीवर चालेल का. अन् हो, टीव्हीचं एक एचडीएमआय भोक (चांगलं चित्र अन् आवाज एकाच वायरने घेणारं) मागच्या जूनमध्ये वीज कडाडली तेव्हाच गेलं, आता एकच शिल्लक आहे.

भुसावळ_जंक्शन

काय भो, १० बाय १४ च्या हॉलमध्ये इतला मोठा टीव्ही काय करतस? पाहुणे बाहेर बसवणार का?

पहिले एक सांगा. एचडीएमआय एकच शिल्लक आहे म्हणता, अन् त्यात आता पीएस५ लागलाय. मग आईचा एचडी बॉक्स कोणत्या वायरवर चालू आहे? टीव्हीच्या मागे जाऊन बघा अन् मगच दुकानात जा.

रावेरचा_केळीवाला

पोराने लावलंय भाऊ, मला त्यातलं काय माहीत. उद्या उजेडात बघतो, टीव्ही भिंतीला आहे, मागे हात जात नाही.

डिशवाला_चाळीसगाव

मी २० वर्षं छत्र्या बसवतोय म्हणून डिशचं तेवढं मी सांगतो, गेमचं दुसरं कोणी सांगेल.

आधी तो काट्यांचा अँटेना. तो मेला समजा. दूरदर्शनने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले, २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत मोक्याच्या जागचे थोडे सोडून बाकी सगळ्यांचा निकाल लावायचा ठरलं होतं. त्याऐवजी जमिनीवरून डिजिटल सिग्नल सोडतात, डीव्हीबी-टी२ म्हणतात त्याला, पण ते मोजक्या मोठ्या शहरांत, आपल्या खानदेशासाठी त्यात काही नाही. त्यामुळे ‘डिजिटल अँटेना’ म्हणून कोणी काही गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका. केबलचं पण तेच, ॲनालॉग केबल बंद करायची शेवटची तारीख शहरांना ३१ जानेवारी २०१७ अन् खेड्यांना ३१ मार्च २०१७ होती. म्हणजे तुमच्या घरात सिग्नल डिजिटल होऊन जमाना झाला. बॉक्स डिजिटल घेतो अन् टीव्हीला समजेल असं करून देतो, म्हणून तर आबांचा डबा टीव्ही अजून चालतोय. ‘जुना टीव्ही डिजिटलला चालत नाही’ हे दुकानदाराचं म्हणणं निव्वळ माल खपवायचं.

फ्री डिश २००४ च्या डिसेंबरपासून आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, जुनी माणसं अजून डायरेक्टच म्हणतात. आता ती जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्याकडून, म्हणजे जळगाव-रावेर पट्ट्यातून, तो बरोबर आग्नेयेला पडतो अन् जमिनीपासून साधारण ५८ अंश वर. पण छत्री बघून वाटतं की ती फार खाली बघतेय, घाबरून तोंड वर करू नका, छोट्या छत्रीचं तोंड तिरकस बनवलेलं असतं, दिसतं त्यापेक्षा ती २०-२५ अंश वर बघत असते. मी कितीतरी घरांत बघितलंय, पोरगं छतावर चढतं, म्हणतं ही वाकलीय, अन् चांगली लागलेली छत्री ‘सरळ’ करून खाली येतं.

नव्या टीव्हीवर आबांची डिश चालेल, जुनाच बॉक्स तीन रंगांच्या वायरने लावा, पण नव्या बऱ्याच टीव्हींना ती पिवळी-लाल-पांढरी भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं अन् त्याची वायर वेगळी घ्यावी लागते, ते दुकानातच बघून घ्या. काही टीव्हींत डिशचा ट्यूनर आतच येतो, छत्रीची वायर थेट टीव्हीला लावायची, बॉक्स नको, पण ‘डीव्हीबी-एस२’ लिहिलंय का ते खोक्यावर वाचा. जुना एमपेग-२ चा (चॅनेल दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) बॉक्स असेल तर नव्या एमपेग-४ पद्धतीचे चॅनेल त्यावर येत नाहीत, एचडी तर नाहीच.

अन् मुख्य गोष्ट, जी दुकानात कोणी सांगणार नाही. साधा चॅनेल म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके, सगळे मिळून चार लाख चौदा हजार. ४के टीव्ही म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख. एका ठिपक्याचे २० ठिपके टीव्हीने स्वतःच्या मनाने भरायचे. भाजी एका घराची अन् वाढायची २० घरांना, पाणीच घालावं लागतं ना? आबांचं सह्याद्री ६५ इंचावर बघाल तर डबा टीव्ही बरा म्हणाल. तुमचे एचडी चॅनेल पण १०८०आय वर, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांवर थांबतात, टीव्ही ४के घेतला म्हणून चॅनेल ४के होत नाही. ४के बघायचं तर इंटरनेटवरच्या ॲपमधून, नाहीतर गेममधून.

वायर कुठल्या काळातली आहे? टोकाचं गंजलेलं कनेक्टर बघा. आमच्याकडे नेहमीचा प्रकार म्हणजे जोड सायकलच्या ट्यूबने बांधलेला, वरून पिशवी, पिशवीत पाणी.

रावेरचा_केळीवाला

ट्यूबने बांधलेली आहे 🙈 तुम्हाला कसं कळलं.

धुळ्याचा_गेमर

काका, गेमचं मी सांगतो. पोराला हे वाचायला द्या.

बॅट उशिरा फिरते त्याला इनपुट लॅग म्हणतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर (म्हणजे ६० चित्रांवर) चालला तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाचा. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही, आधी त्याचा मेकअप करतो, कडा धारदार कर, दाणे पूस, हालचाल गुळगुळीत कर, अन् तो मेकअप होईस्तोवर पाच-सहा फ्रेम निघून जातात. सिरियलला काही फरक पडत नाही कारण आवाज पण तेवढाच मागे ठेवतात, पण गेममध्ये तुमचं बोट पुढे अन् चित्र मागे. गेम मोड म्हणजे दुसरं काही नाही, मेकअप बंद. चांगल्या टीव्हीत गेम मोडला तो १०-१५ मिलिसेकंदावर येतो. तुमच्या २०१३ च्या टीव्हीत पण काहीतरी सोय असणार, पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम’ शोधा, नसलं तर इनपुटचं नाव बदलायची जागा असते तिथे ‘पीसी’ ठेवा, काही कंपन्यांच्या जुन्या टीव्हीत नुसतं नाव पीसी केलं तरी मेकअप कमी होतो. हसू येईल पण करून बघा. (गंमत म्हणजे आबांच्या डबा टीव्हीत लॅग जवळजवळ शून्य असतो, पण पीएस५ ला एचडीएमआय सोडून दुसरं भोकच नाही, त्यामुळे तो बेत मनातून काढा.)

आता १२० हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतो. यात सगळ्यात जास्त फसवाफसवी आहे. पॅनेल ६० हर्ट्झचा असतो अन् खोक्यावर ‘मोशन रेट १२०’, ‘एमईएमसी १२०’ असलं काहीतरी लिहितात. ते म्हणजे टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी खोटी फ्रेम घुसडतो, म्हणजे पुन्हा मेकअप, म्हणजे लॅग अजून वाढला. तुम्हाला विचारायचंय ते एवढंच, पॅनेल नेटिव्ह किती हर्ट्झचा आणि एचडीएमआय २.१ चं भोक आहे का अन् कोणतं. २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातं, ४के ६० पर्यंत त्यात भागतं. ४के १२० ला २.१ लागतं, ते ४८ पर्यंत. त्यात व्हीआरआर येतं म्हणजे गेमची फ्रेम कमीजास्त झाली तरी टीव्ही तिच्या तालावर चालतो, अन् एएलएलएम म्हणजे गेम सुरू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो, ते आईसाठी चांगलं, नाहीतर पोरगा गेम मोड तसाच ठेवून जातो अन् सिरियल फिकी दिसते.

पण खरं सांगू का? पीएस५ चे बहुतेक गेम ६० वरच चालतात. १२० वाले मोजके, अन् तिथेही चित्राचा दर्जा कमी करून १२० गाठतात. साठ हजारात ६५ इंच पण पाहिजे, ४के पण, खरा १२० पण, तर यातलं काहीतरी एक बहुधा खोटं निघणार. त्यापेक्षा ४३ किंवा ५० इंची, ६० हर्ट्झ, चांगला पॅनेल अन् कमी लॅग, हे घ्या.

अन् नवा टीव्ही आला की सेटिंगमध्ये त्या भोकाचं पूर्ण तोंड उघडावं लागतं, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. बंद राहिलं तर पीएस५ वर रंग अन् एचडीआर (उजेड-अंधारातला खरा फरक) पूर्ण येत नाही अन् पोरगा परत म्हणेल टीव्ही खराब. वायर पीएस५ सोबत आलेलीच वापरा, ती चांगली असते. ती हरवली असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली, खोक्यावर स्कॅन करायचा कोड असलेली घ्या, दोन मीटरची, जळगावच्या गोलाणी मार्केटात मिळून जाईल. दहा मीटरची स्वस्त वायर घेऊन भिंतीतून फिरवू नका, चित्र ठिपके मारतं.

अमळनेरची_ताई

तुम्ही सगळे फ्रेम अन् हर्ट्झ बोलताय, टीव्ही दिवसाचे सहा तास बघते कोण, ती आई, तिचं कोणी विचारत नाहीये.

आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी ५५ इंची आणला. दुकानात त्यावर पोपट, समुद्र, कापलेलं कलिंगड असलं काहीतरी चालू होतं, बघून मीच म्हटलं घ्या. घरी आणून सासूबाईंची सिरियल लावली तर कुंकू कपाळभर पसरलेलं. आमच्याकडे साधा बॉक्स होता, एचडी नव्हता, ते त्या दुकानदाराने विचारलंच नाही. शिवाय दुकानात उजेड भरपूर म्हणून सगळे टीव्ही ‘विविड’ वर ठेवतात, घरी तेच डोळ्यात खुपतं, रात्री माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे. मी ते ‘स्टँडर्ड’ केलं, शार्पनेस अर्ध्याहून खाली आणला, मग कुठे माणसं माणसांसारखी दिसायला लागली. दुकानात जाताना पेन ड्राइव्हमध्ये पोपट नको, आपल्या सिरियलचा एखादा तुकडा लावायला सांगा, नाही लावून दिला तर दुसरं दुकान.

आवाज. हे कोणीच सांगत नाही. चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीला जातो, आपल्याकडे पंखा फुल, मे महिन्यात कूलर, मग म्हातारी माणसं आवाज ५० वर नेतात अन् शेजाऱ्यांना पण कथा कळते. टीव्हीचे पाच हजार कमी करा अन् एक छोटा साउंडबार घ्या, ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकात लावा म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज चालतो. तीन रिमोट झाले की आमच्या सासूबाई टीव्ही बघणंच सोडतात.

६५ नका घेऊ. मान दुखते.

भुसावळ_जंक्शन

ताईंना माझं मत. (पण ‘कुंकू कपाळभर’ वाचून हापिसात हसलो.)

रावेरचा_केळीवाला

सकाळी टीव्ही भिंतीवरून खाली उतरवला. भो, आते समजनं!

आईचा एचडी बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरवर होता. पोराने दिवाळीत पीएस५ लावायला बॉक्सची एचडीएमआय उपटली अन् बॉक्सला ती जुनी तीन रंगांची वायर लावून दिली, चित्र आलं ना, बस, झालं. म्हणजे एचडीचे पैसे भरून आम्ही दिवाळीपासून साधंच बघत होतो. एचडीएमआय परत बॉक्सला लावली, आईला बोलावलं, ती चष्मा न लावता दारातूनच म्हणाली, ‘अगं बाई, ही तर मोठी सून.’

मग इनपुटला नाव पीसी दिलं, गेम मोड आमच्यात नाही. पोराला व्हिडिओ कॉलवर विचारत विचारत पीएस५ लावून मीच खेळून पाहिला, बॅट आता वेळेवर येते, मी शून्यावरच आऊट झालो पण तो टीव्हीचा दोष नाही.

आता एकच भोक, दोन डबे. रोज वायर उपटायची का? अन् दुसरं, ते उपटताना बोटाला झिणझिण्या आल्या, बॉक्सच्या पत्र्याला अन् पीएस५ च्या वायरच्या टोकाला एकदम हात लागला तेव्हा. पायात चप्पल नव्हती. हे नेहमीचं आहे का?

धुळ्याचा_गेमर

दोन डबे एका भोकात म्हणजे एचडीएमआय स्विच घ्या, तीन-चारशेत येतो, बटण दाबलं की हा, परत दाबलं की तो. तुमच्या टीव्हीला साधा पुरतो. पण झिणझिण्यांचं मला कळत नाही, त्यातलं माणूस यायला पाहिजे.

वायरमन_यावल

आलो. अन् आधी रागावतो. चालू लाइटीत एचडीएमआय उपटायची नाही, घालायची नाही. आधी दोन्हीचे प्लग बोर्डातून काढा, मग वायरीला हात.

झिणझिण्या का येतात ते ऐका. टीव्ही, बॉक्स, पीएस५, यांचे प्लग दोन पिनचे असतात, अर्थिंगची तिसरी पिनच नाही. आतल्या पॉवर सप्लायमध्ये गडबड गाळायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, त्यांच्यातून थोडा करंट पत्र्यावर अन् वायरीच्या शिल्डवर (बाहेरच्या जाळीवर) येऊन बसतो. मीटर लावलं तर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतं पण करंट इतका बारीक की माणूस मरत नाही, नुसती मुंगी चावते. माणसाला मुंगी, पण एचडीएमआयच्या आतल्या चिपला ती नागीण. उपटताना-घालताना ठिणगी पडते अन् भोक जातं. तुमचं पहिलं भोक विजेने गेलं म्हणता, असेलही, पण नव्या टीव्हीची भोकं याच घरात, याच बोर्डावर लागणार आहेत ना? मग ती पण जातील. म्हणून टीव्ही नंतर, आधी अर्थिंग.

आता छतावर बघा. डिशची लोखंडी छत्री, तिच्यातून वायरची जाळी खाली बॉक्सला, बॉक्समधून एचडीएमआयची जाळी टीव्हीला. म्हणजे छतापासून टीव्हीपर्यंत धातूचा सरळ रस्ता. वीज छत्रीवरच पडायला पाहिजे असं नाही, शेजारच्या शेतात पडली तरी या वायरीत झटका चढतो अन् सगळ्यात नाजूक जे आहे तिथे फुटतो. तो जुना अँटेना तर घरावरचा सगळ्यात उंच लोखंडी पाइप, तो आधी उतरवा. छत्रीच्या पाइपाला जाड वायर लावून खाली अर्थिंगला जोडून घ्या. अन् पाऊस अंगावर आला की प्लग तर काढाच, बॉक्सच्या मागची छत्रीची वायर पण काढा. नुसता स्विच बंद करून काही होत नाही, वीज स्विच विचारून येत नाही.

घरची अर्थिंग कधी केली होती? आपल्याकडचा प्रकार असा की घर बांधताना खड्डा करतात, मीठ-कोळसा भरतात, पाइप गाडतात अन् विसरतात. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला जमीन भाजून निघते, खड्डा कोरडाठाक, अर्थिंग नुसती नावाला. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं त्यात, केळीला ड्रिप लावता ना, एक नळी तिकडे पण फिरवा. वायरमनकडून फेज अन् अर्थिंगमध्ये दिवा लावून तपासा, दिवा फेज-न्यूट्रलसारखाच भक्क लागला पाहिजे, मिणमिणला तर खड्डा गेला समजा. हे स्वतः करू नका, माणूस बोलवा.

स्टॅबिलायझर? नव्या टीव्हीला १०० पासून २४० पर्यंत व्होल्टेज चालतं, खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी व्होल्टेजची काळजी करू नका. भीती जास्तीची. खांबावर न्यूट्रल सुटला की घरात २३० च्या जागी ३५०-४०० पण येतं, मग टीव्ही, फ्रिज, पंखा, जे चालू असेल ते गेलं. त्यासाठी मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेजचा प्रोटेक्टर बसवा, व्होल्टेज चढलं की तो घराची लाइटच तोडतो, खाली आलं की परत जोडतो. आमच्या आळीत एकदा न्यूट्रल गेला तेव्हा ज्यांच्याकडे हा होता त्यांचाच टीव्ही राहिला, बाकीच्यांनी रात्री त्यांच्याकडे जाऊन मॅच बघितली.

पीएस५ ला गेम चालू असताना साधारण २०० वॉट लागतात. लाइट गेली की फटकन बंद होणं त्याला सोसत नाही, सेव्ह (जपून ठेवलेला खेळ) बिघडू शकते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर त्यावर घ्या, स्वस्तातला चौकोनी वेव्हचा असेल तर नको.

डिशवाला_चाळीसगाव

वायरमन दादांचं शंभर टक्के बरोबर. छत्री बसवताना अर्थिंग कर म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं शंभर रुपये कमी कर अन् ते राहू दे. मी पण राहू देतो, खोटं कशाला बोलू.

शिरपूरचा_पोऱ्या

एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ झालाय. जुनी पत्रकं बघून कोणी भाव सांगत असेल तर बिल तपासा. अन् ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो असला महागडा टीव्ही) घेऊ नका असं कोणी लिहिलं नाही अजून, मी लिहितो. घेऊ नका. आईचा बातम्यांचा पट्टा अन् चॅनेलचा लोगो दिवसभर एकाच जागी, पुढे त्याची सावली कायमची बसू शकते.

अमळनेरची_ताई

साठ हजारात ओएलईडी कोण देतंय यांना 😄

रावेरचा_केळीवाला

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

गावातला वायरमन बोलावला. दिवा लावला तर नुसती लाल तार दिसली, उजेड नाहीच. खड्डा उकरला तर कोळशाची राख अन् पाइप अर्धा खाल्लेला. नवीन पाइप, नवीन खड्डा, छत्रीला पण जोड दिला, मीटरजवळ प्रोटेक्टर बसवला. बोर्डात तीन पिनचे सॉकेट होते पण मागे हिरवी वायर नुसती लोंबकळत होती, कुठेच जोडलेली नाही, ती पण जोडली. डिशची वायर पूर्ण नवीन, मध्ये जोड एकही नाही. स्विच घेतला. हे सगळं मिळून नव्या टीव्हीच्या पैशांपुढे काहीच नाही.

टीव्ही अजून घेतला नाही. आईला आता घाई नाही, तिला सुना दिसतात. पोरगा म्हणतो बॅट येते पण चित्र बारीक आहे, त्याचं पण खरं आहे, ३२ इंचावर त्या गेमची अक्षरं वाचायला मला स्टूल पुढे घ्यावा लागतो. कटाई झाली, भाव बरा मिळाला तर ५० इंची घेऊ, ६० हर्ट्झ, अन् ताईंनी सांगितलं तसं पेन ड्राइव्ह घेऊन जाऊ. आबा म्हणतात माझा डबा ओसरीतच राहू द्या, त्याला कोणी हात लावायचा नाही.

एक राहिलं. जुना अँटेना खाली उतरवलाय, पाइप अन् काट्या मिळून बरंच वजन आहे. त्याचं काय होतं?

वायरमन_यावल

काट्या ॲल्युमिनियमच्या असतात, भंगारवाला लोखंडाच्या भावात मागेल, देऊ नका. वेगळ्या करून वजन करा. पाइप ठेवा, गोठ्याला कामी येईल.